संगनमत कोणाचे आणि नेम कोणावर?

डोनाल्ड ट्रम्प २०१६ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले ते रशियाशी संगनमत करून, असा आरोप झाला आणि तेव्हापासून त्या देशात या प्रश्नावर रणकंदन चालू आहे. २०२४ साली ट्रम्प पुन्हा निवडून आले, तरी वाद मिटला नाही. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या सरकारातील गुप्तचर विभागांच्या संचालक तुलसी गबार्ड यांनी उलट आरोप केला की, ही सारी कथा ओबामांच्या प्रशासनानेच रचली. एक पक्ष म्हणतो देशद्रोह झाला, दुसरा म्हणतो कुभांड रचले. दोन हत्तींच्या या झुंजीत पायाखाली कोण तुडवले गेले, याची चर्चा मात्र फार थोडी झाली. फुले-आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने नेमका तोच प्रश्न विचारला पाहिजे, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

आधी कायद्याची बाजू पाहू. ‘संगनमत’ या नावाचा गुन्हा अमेरिकेच्या फौजदारी कायद्यात नाही. गुन्हा आहे तो कटाचा. कट सिद्ध करायचा तर दोन पक्षांत बेकायदा कृत्यासाठी सहमती झाली, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते. आपल्याकडेही पूर्वीच्या दंड संहितेचे कलम १२०-अ आणि आताच्या न्याय संहितेचे कलम ६१ तेच सांगते. नुसती ओळख, नुसती भेट, नुसता समान फायदा म्हणजे कट नव्हे.

विशेष अभियोक्ता म्हणून रॉबर्ट म्युलर यांची नेमणूक मे २०१७ मध्ये झाली. मार्च २०१९ मध्ये त्यांनी ४४८ पानांचा अहवाल दिला. त्यात रशियाने निवडणुकीत पद्धतशीर हस्तक्षेप केला असे स्पष्ट म्हटले आहे. रशियाच्या लष्करी गुप्तचरांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे ई-मेल चोरले आणि सेंट पीटर्सबर्गच्या ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’ने अमेरिकन नागरिकांच्या खोट्या नावांनी समाजमाध्यमांवर प्रचार केला. ट्रम्प यांच्या माणसांचे रशियनांशी अनेक संबंध आले, हेही अहवालात आहे. हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध काही हाती लागेल या आशेने ९ जून २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये बैठक झाली. प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांनी मतचाचण्यांची आकडेवारी कॉन्स्टंटिन किलिमनिक याच्याकडे पोचवली. मात्र कट झाला हे शाबीत करता आले नाही, असाही निष्कर्ष त्याच अहवालात आहे. न्यायात अडथळा आणल्याच्या आरोपाबाबत तर म्युलर यांनी ट्रम्प यांना दोषी ठरवले नाही आणि निर्दोषही म्हटले नाही.

पुढे काय झाले? अहवाल हाती आल्यावर दोनच दिवसांत कायदेमंत्री विल्यम बार यांनी चार पानांचे पत्र काढले. मूळ अहवाल लोकांसमोर आला १८ एप्रिलला, तोही काही मजकूर काळा करून. तोवर चार पानांनी ४४८ पाने गिळून टाकली होती! ‘शाबीत झाले नाही’ याचे ‘घडलेच नाही’ असे भाषांतर होऊन गेले.

हा खेळ आम्हाला नवा नाही. खैरलांजीच्या खटल्यात २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना खुनासाठी शिक्षा दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे शाबीत धरली नाहीत. म्हणून खैरलांजीत जात नव्हती असे कोणता शहाणा म्हणेल? ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकन सिनेटच्या गुप्तचरविषयक समितीने किलिमनिक हा रशियाचा गुप्तचर अधिकारी असल्याचे नमूद केले आणि मॅनाफोर्ट यांचे त्याच्याशी संबंध देशाच्या सुरक्षेला गंभीर धोका होते असे म्हटले. या समितीत बहुमत ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते, हे ध्यानात ठेवावे.

पण न्यायाचा तराजू धरायचा तर दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. ट्रम्प यांचे सल्लागार कार्टर पेज यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी एफबीआयने न्यायालयात जे अर्ज केले, त्यांत १७ गंभीर चुका व त्रुटी असल्याचे डिसेंबर २०१९ मध्ये कायदा खात्याच्याच महानिरीक्षकांनी दाखवून दिले. चौकशी सुरू करायला पुरेसा आधार होता, असेही त्यांनी सांगितले. ज्या कागदपत्रांचा एवढा गवगवा झाला, त्यांच्यासाठी पैसा क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेने आणि पक्षाने एका वकिली कंपनीमार्फत पुरवला होता. मे २०२३ मध्ये जॉन डरहॅम यांच्या अहवालानेही एफबीआयवर ताशेरे ओढले. तेव्हा दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचे पान तेवढे फाडून घेतले, असेच म्हणावे लागते.

आता आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. सेंट पीटर्सबर्गच्या त्या कार्यालयाचा नेम कोणावर होता? ऑक्टोबर २०१९ मध्ये सिनेटच्या त्याच समितीने लिहून ठेवले आहे की, कृष्णवर्णीय अमेरिकनांइतके लक्ष्य दुसऱ्या कोणत्याही समाजगटाला केले गेले नाही. ‘ब्लॅकटिव्हिस्ट’सारखी पाने रशियन पगारी लोक चालवत होते आणि कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे म्हणून ती हजारो लोक वाचत होते. त्यांवर पोलिसांच्या गोळीने मेलेल्या तरुणांच्या बातम्या असत. काळेपणाचा अभिमान असे, इतिहास असे. यातले बरेचसे खरेच होते! आणि मतदान जवळ आल्यावर हळूच सांगितले जाई की दोन्ही उमेदवार सारखेच, मत देऊच नका, किंवा तिसऱ्या पक्षाला द्या.

ही युक्ती नीट समजून घेतली पाहिजे. शत्रूने खोटी जखम तयार केली नाही. जखम खरी होती, गोऱ्या वर्चस्वाने चारशे वर्षांत केलेली. शत्रूने फक्त त्या जखमेत बोट घातले आणि वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला सांगितले की तुझ्या हातातले एकमेव शस्त्र खाली टाक.

कृष्णवर्णीयांच्या मतदानाचे प्रमाण २०१२ मधील ६६.६ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ५९.६ टक्क्यांवर आले. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही निर्णायक राज्ये ट्रम्प यांनी मिळून सुमारे ७८ हजार मतांनी जिंकली. हे रशियामुळे घडले असे आम्ही म्हणणार नाही, कारण तसा पुरावा नाही. ओबामा उमेदवार नव्हते. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणा २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच मोडला होता. आणि घरचे लोक काय करत होते? ट्रम्प यांच्या २०१६ च्या प्रचारयंत्रणेच्या माहितीसाठ्यात सुमारे ३५ लाख कृष्णवर्णीय मतदार ‘परावृत्त करायचे’ अशा वर्गात टाकले होते, असे ब्रिटनच्या चॅनेल फोर वाहिनीने २०२० मध्ये उघड केले. प्रचारयंत्रणेतील लोकांनी हा हेतू नाकारला. पण परका आणि घरचा यांचा लेखी करार झाला होता की नाही, हा प्रश्न इथे दुय्यम ठरतो. दोघांची बंदूक एकाच छातीकडे वळलेली होती!

‘परकीय हस्तक’ हा शिक्का कोणावर बसतो आणि कोणाला माफ होतो, तेही पाहू. कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी बाबासाहेबांनी १९४६ साली पत्रव्यवहार केला होता. अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या, कारण अस्पृश्यांचे दुःख आणि निग्रोंचे दुःख यांतले साम्य ते जाणून होते. याच डुबॉइस यांना १९५१ साली, ऐंशी ओलांडलेल्या वयात, परकीय हस्तक म्हणून नोंदणी केली नाही या आरोपावरून न्यायालयात उभे केले, हातकड्या घातल्या. अपराध काय? अणुबॉम्बविरोधी आवाहनावर सह्या गोळा करणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष होते. पुराव्याअभावी न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. पुढे त्याच नोंदणी कायद्याचा भंग मॅनाफोर्ट यांनी २०१८ मध्ये इतर गुन्ह्यांसह कबूल केला, तो युक्रेनमधील राजकारण्यांसाठी केलेल्या कामाबद्दल होता. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. शांततेसाठी सह्या मागणाऱ्या काळ्या म्हाताऱ्याला बेड्या आणि कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्याला माफी!

भारतातही यापेक्षा वेगळे नाही. परकीय देणग्या घेण्यास राजकीय पक्षांना १९७६ च्या कायद्याने बंदी केली. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही वेदान्त समूहातील कंपन्यांकडून देणग्या घेऊन हा कायदा मोडल्याचे सांगितले. मग कायदाच बदलला गेला. २०१६ च्या वित्त कायद्याने परकीय कंपनीची व्याख्या सैल केली आणि २०१८ मध्ये ती सवलत थेट ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली, तीही लोकसभेत चर्चा न होता. दुसरीकडे हजारो स्वयंसेवी संस्थांचे परवाने परकीय पैशाच्या नावाखाली रद्द झाले. हक्कांची भाषा बोलणारा हस्तक ठरतो, सत्ता भोगणारा देशभक्त राहतो!

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, हा देश पूर्वी गुलाम झाला तो आपल्याच काही माणसांच्या फितुरीने. दाहिर राजाच्या सेनापतींनी महंमद बिन कासिमच्या हस्तकांकडून लाच घेतल्याचे आणि जयचंदाने घोरीला बोलावल्याचे दाखले त्यांनी दिले. पण ते तिथेच थांबले नाहीत. राजकारणात समता आणि समाजात विषमता ही विसंगती लवकर मिटवली नाही, तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. ही दोन्ही सूत्रे एकत्र वाचली पाहिजेत. विषमता हीच ती उघडी खिडकी आहे, जिच्यातून परका आत येतो. खिडकी बंद न करता चोराच्या नावाने ओरडणारे राष्ट्रभक्त अमेरिकेतही आहेत आणि इथेही.

आमच्या कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यायचे? निळा झेंडा आणि बाबासाहेबांचे चित्र लावलेला प्रत्येक मजकूर आपला नसतो. तो कोणी लिहिला, कोणाच्या पैशाने आला, आणि शेवटी आपल्याला काय करायला सांगतो, हे तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत ‘सगळे चोर आहेत, मत देऊन काय फरक पडतो?’ असे कोणी म्हणू लागला, तर त्याला विचारा की बाबा, तुला कोणी पाठवले? बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची मागणी केली आणि १९२० मध्ये स्वतःचे ‘मूकनायक’ काढले. आपले मत आणि आपले पत्र, दोन्ही आपल्याच हातात असले पाहिजे, हा त्याचा अर्थ. राग जरूर ठेवा, तो खरा आहे. पण त्याचा लगाम दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

जय भीम!