निरंतर वैद्यकीय शिक्षणाची अधिस्वीकृती : काही देशांतील पद्धती
रे रोडवर स्वतंत्र दवाखाना चालविणाऱ्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरला महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी ३० श्रेयांक दाखवावे लागतात. या अटीचे मूळ भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांत आहे. व्याख्यानांना श्रेयांक देणारी आणि नोंदणी करणारी संस्था येथे एकच आहे.

अमेरिकेत ही कामे विभागलेली आहेत. १९८१ मध्ये स्थापन झालेली ‘एसीसीएमई’ शिक्षण देणाऱ्या संस्थांना अधिस्वीकृती देते. डॉक्टरांसाठीच्या अटी राज्यांची वैद्यक मंडळे ठरवितात. ब्रिटनने डिसेंबर २०१२ पासून निराळा मार्ग धरला. तेथील जनरल मेडिकल कौन्सिल श्रेयांकांची संख्या ठरवून देत नाही. आपण काय शिकलो व त्याने आपल्या कामात कोणता फरक पडला, हे डॉक्टरला वार्षिक मूल्यमापनात मांडावे लागते.

श्रेयांकांनी उपस्थिती मोजली जाते, आकलन नव्हे. उजळणी वर्गांना बसलेल्या प्राध्यापकांना हे वेगळे सांगावयास नको! या दृष्टीने ब्रिटिश पद्धत अधिक अर्थपूर्ण वाटते. परंतु तिला प्रशिक्षित मूल्यमापक लागतात. एकट्याने व्यवसाय करणाऱ्या रे रोडवरील डॉक्टरचे असे मूल्यमापन कोणी करावयाचे, याची तरतूद २००२ च्या विनियमांत नाही.