शेणातील संप्रेरके व जमिनीतील जिवाणू

गाय गाभण असली म्हणजे तिच्या शेणामुतातून स्टेरॉइड वर्गातील संप्रेरके बाहेर पडतात. ताजे शेण उघड्यावर राहिल्यास त्यांचा काही अंश पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात वा विहिरीत उतरू शकतो. एका लिटरमागे ग्रॅमच्या काही अब्जांश भागांइतक्या अल्प मात्रेनेही नर माशांत मादीची लक्षणे उद्भवू शकतात. म्हणून पुसेगावसारख्या गावी शेणखत वापरणाऱ्या शेतकरी बंधूंनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

ही संप्रेरके नाहीशी करण्याचे काम जमिनीतील काही जिवाणू करतात. ते पुढील रीतीने वेगळे काढतात. शेतातील चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात कालवून त्यातील थोडे पाणी एका द्रावणात घालतात. या द्रावणात नत्र, स्फुरद व इतर क्षार असतात. परंतु कर्बयुक्त अन्न म्हणून केवळ स्टेरॉइडच असते. पात्र काही दिवस उबदार जागी हालवीत ठेवतात. ज्यांना स्टेरॉइड पचते तेच जिवाणू वाढतात. इतर उपाशी राहतात. द्रावण गढूळ झाले की त्यातील थेंब तशाच ताज्या द्रावणात घालतात. दोन-तीन वेळा असे केल्यावर अगरच्या बशीवर रेघा ओढून एकेक वसाहत निराळी करतात. स्टेरॉइड न घातलेल्या द्रावणात तोच जिवाणू वाढला नाही, म्हणजे खात्री पटते.

अमेरिकेत पॉल टॅलले व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील अशाच एका जिवाणूवरील अभ्यास १९५२ साली प्रसिद्ध केला. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पचविणाऱ्या या जिवाणूस आज कोमामोनास टेस्टोस्टेरोनी म्हणतात.

स्टेरॉइडाच्या रेणूत कर्बाची चार कडी एकमेकांस जोडलेली असतात. जिवाणू ती क्रमाने फोडतात व त्यांतून आपले पोषण करून घेतात. या कामी त्यांना बहुधा हवेतील प्राणवायू लागतो; हवा नसल्यास हे काम मंदावते. यावरून पुढील गोष्टी आचरणात आणाव्यात :

१. ताजे शेण शेतात न टाकता चांगले कुजवूनच टाकावे.

२. ढीग अधूनमधून वरखाली करावा, म्हणजे आत हवा खेळेल.

३. ओल बेताची राखावी. खत मुठीत दाबले असता हातास ओल लागावी, पण पाणी गळू नये.

४. उकिरडा विहीर व ओढ्यापासून दूर, विहिरीच्या उताराकडील बाजूस असावा. पावसाळ्यात त्यावर आच्छादन घालावे व भोवती बांध घालावा.

ग्रामसेवकांनी पावसाळ्यापूर्वी गावातील उकिरड्यांच्या जागा स्वतः पाहून हा सल्ला द्यावा. जिवाणू विकत आणण्याची गरज नाही. ते आपल्या मातीतच आहेत. त्यांना हवा, ओल व पुरेसा अवधी मिळेल एवढी काळजी मात्र आपण घेतली पाहिजे.