आक्षेप कुणाचा ऐकला जातो?

जानेवारी 2025 मध्ये ‘छावा’चा ट्रेलर आला. त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि राज्यभर नाराजी उसळली. आठवडाभरातच दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. 14 फेब्रुवारीला चित्रपट लागला. त्यातल्या गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वारसांनी हरकत घेतली आणि शंभर कोटींच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याचा इशारा दिला. उतेकरांनी जाहीर माफी मागितली. पुढं एप्रिलमध्ये अनंत महादेवन यांचा ‘फुले’ जोतिरावांच्या जयंतीला, म्हणजे 11 तारखेला, लागायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डानं ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ असे शब्द आणि मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढायला सांगितलं आणि चित्रपट 25 एप्रिलला आला. तीन महिन्यांतल्या या तीन घटना एकत्र ठेवल्या की एक गोष्ट ठळक होते. आपल्याकडे चित्रपटात दुरुस्ती होते ती चूक किती मोठी आहे यावर नव्हे, तर हरकत घेणारा किती बळकट आहे यावर. ज्यांच्यामागे संघटना, घराणं, नेता किंवा मतांचा गठ्ठा आहे त्यांचं चित्र आठवड्यात सुधारतं. ज्यांच्यामागे यातलं काही नाही त्यांचं चित्र पन्नास वर्षं तसंच राहतं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड या शेजारशेजारच्या तालुक्यांत हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं मुंबईच्या स्टुडिओंतही दिसणार नाही.

शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची समाधी आहे. 11 मार्च 1689 रोजी औरंगजेबाच्या छावणीत महाराजांची हत्या झाली. ‘छावा’ ती हत्या सविस्तर दाखवतो आणि तिथंच थांबतो. वढूची खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. औरंगजेबाची फौज उशाशी असताना महाराजांच्या देहाचे अवशेष गोळा करून अंत्यसंस्कार करायला काही साधी माणसं पुढं आली. एक परंपरा सांगते की ते गोविंद गोपाळ महार यांनी केले आणि त्यांची समाधीही वढूतच दाखवली जाते. दुसरी परंपरा शिवले घराण्याचं नाव घेते. या दोन सांगण्यांवरून डिसेंबर 2017 च्या अखेरीस गावात फलकाचा वाद पेटला. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच, 1 जानेवारी 2018 ला, अवघ्या काही किलोमीटरवरच्या कोरेगाव भीमा आणि सणसवाडी परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला आणि निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. या तालुक्याच्या दृष्टीनं संभाजी महाराजांच्या कथेतला सर्वांत जिवंत आणि सर्वांत नाजूक भाग हाच आहे. चित्रपटात तो नाही. लेझमीवर हरकत घेणाऱ्या बड्या नावांपैकी कुणी त्याबद्दल विचारलंही नाही. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी विचारलं, पण त्यांच्यासाठी कुणी प्रदर्शनाआधी दिग्दर्शकाला घरी बोलावलं नाही.

लेझमीच्या हरकतीमागची भावना खोटी होती असं मी म्हणणार नाही. संभाजी महाराजांची बदनामी पिढ्यान्‌पिढ्या झाली. बखरींनी त्यांना व्यसनी ठरवलं, नाटककारांनी ते रंगवलं. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’वरचा राग तर इतका टिकला की जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रात्रीतून उखडला गेला. इतकं सोसलेल्या समाजाला राजा नाचताना दिसला तर जुनी जखम ठसठसणारच. पण ही बदनामी शेवटी पुसली कुणी? वा. सी. बेंद्रे यांनी. आयुष्यातली कित्येक दशकं कागद चाळून त्यांनी 1960 मध्ये संभाजी महाराजांचं साधार चरित्र लिहिलं. वढूच्या समाधीकडे लक्ष वेधण्याचं श्रेयही त्यांचंच. मग कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिलं, 1979 मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी आली, 2017 पासून ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका घराघरांत पोचली आणि अखेर हा चित्रपट आला. खोट्या चित्राला खरं चित्र समोर ठेवून हरवलं गेलं. पुतळा उखडल्यानं किंवा दृश्य कापल्यानं त्यात कणभर भर पडलेली नाही. शिवाय लेझीम हा मावळातल्या आणि भीमेच्या काठच्या प्रत्येक गावाच्या जत्रेतला, शाळेच्या मैदानावरचा खेळ आहे. तो खेळताना दिसला म्हणून राजाचा अपमान होतो असं मानायचं, तर रयतेचा खेळ राजाला शोभत नाही असं आपणच कबूल करतो. रयतेचा म्हणवल्या जाणाऱ्या राजघराण्याबद्दल हे कबूल करणं मला मान्य नाही.

यावर सर्वांत वजनदार प्रतिवाद नागपूरचा आहे. 17 मार्च 2025 ला नागपुरात दंगल झाली आणि ‘छावा’मुळे औरंगजेबाविरुद्धचा लोकांचा राग पुन्हा जागा झाला, असं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं. मग चित्रपटांना लगाम नको का? हा प्रश्न झटकून टाकता येणार नाही. अडीच तास एका धर्माच्या खुणा मिरवणारा क्रूर शत्रू पाहून बाहेर पडलेल्या माणसाच्या मनात आजच्या शेजाऱ्याविषयी काय उतरतं, याची जबाबदारी दिग्दर्शकाला टाळता येत नाही. इतिहासातला बादशहा आणि आजचा मोहल्ला यांतलं अंतर दाखवण्याचं कौशल्य ज्याच्याकडे नाही त्याच्यावर कठोर टीका झालीच पाहिजे. पण तोच चित्रपट तोवर महिनाभर राज्याच्या शेकडो पडद्यांवर चालू होता आणि लोक डोळे पुसत घरी जात होते. नागपुरात दंगल उसळली ती औरंगजेबाची कबर हटवण्यासाठीच्या निदर्शनानंतर, जाळलेल्या चादरीविषयी पसरलेल्या वार्तेमुळे. चित्रपटानं वाळलेलं गवत पसरलं असेल, पण काडी ओढणारे हात वेगळे होते, आणि पोलिसांचं काम त्या हातांशी असतं. सर्वोच्च न्यायालयानं हे 1989 मध्येच एस. रंगराजन खटल्यात सांगून ठेवलं आहे. त्या खटल्यातला तमिळ चित्रपट आरक्षणाच्या धोरणावर टीका करणारा होता, म्हणजे दलित संघटनांना न रुचणारा. तरीही न्यायालयानं निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढं अभिव्यक्ती दडपता येणार नाही, सुव्यवस्था राखणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असा निकाल दिला. आपल्याला न आवडणाऱ्या चित्रपटालाही जे तत्त्व राखतं तेच उद्या आपल्या चित्रपटाला राखणार आहे.

आता शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंड तालुक्यात चौफुल्याला यावं. पुणे-सोलापूर महामार्गावरचं हे ठिकाण कला केंद्रांसाठी ओळखलं जातं. इथं संगीत बारीच्या पार्ट्या असतात. तमाशाचा फड गावोगाव फिरतो, वग करतो. संगीत बारीत एकाच ठिकाणी बैठकीत लावणी होते आणि पार्टीची मालकीण बहुतेक वेळा बाईच असते. मुलींना शिकवणं, ढोलकीवाला-पेटीवाला सांभाळणं, केंद्राच्या मालकाशी व्यवहार करणं, गावाकडच्या भावांची शिक्षणं आणि लग्नं पार पाडणं, हे सगळं तिच्या अंगावर असतं. यातल्या अनेक जणी कोल्हाटी आणि तत्सम भटक्या समाजांतून आलेल्या. त्या जगाचा आतला जाच किशोर शांताबाई काळे यांनी 1994 मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये मांडला. त्यातलं कलावंतांचं कसब आणि स्वाभिमान सावित्री मेधातुल यांनी माहितीपटातून आणि भूषण कोरगांवकर यांनी ‘संगीत बारी’ या पुस्तकातून दाखवलं. म्हणजे ही माणसं समजून घ्यायला साधनं नाहीत असं मुळीच नाही.

लोकप्रिय चित्रपटानं मात्र त्यांना काय दिलं ते पाहावं. 1959 च्या अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’त तमाशातली मुलगी बोर्डावर उभी राहून गावच्या पाटलाचं पाप लोकांसमोर उघडं करते. पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा चित्रपट 131 आठवडे चालला. तेव्हाच्या प्रेक्षकाला तमाशातल्या बाईच्या तोंडून न्याय मागितलेला चालत होता. 1972 च्या ‘पिंजरा’त ही दिशा उलटली. व्ही. शांतारामांच्या या देखण्या चित्रपटात आदर्श मास्तराच्या अधःपाताला तमासगिरीण कारण होते. पुढच्या कित्येक चित्रपटांत हाच साचा वापरला गेला: पाटील, पुढारी किंवा मास्तर बिघडतो आणि त्याला बिघडवणारी ती असते. ज्या बाईचं घर तिच्याच कमाईवर चालतं ती पडद्यावर कायम दुसऱ्याचं घर मोडताना दिसते. याच समाजानं तिच्यावर सरकारी पहाराही बसवला होता. खेर मंत्रिमंडळाच्या काळात, 1948 च्या सुमारास, तमाशावर बंदी आली आणि ती उठली तरी परिनिरीक्षणाची अट राहिली. फडावरच्या बाईनं काय गावं हे सरकार ठरवत होतं आणि तीच लावणी चित्रपटात नटीच्या तोंडी घालून निर्माते तिकीटबारी भरत होते. यावर कुठल्या संघटनेनं शंभर कोटींचा इशारा दिला? कुठल्या मंत्र्यानं चित्रपट आधी तज्ज्ञांना दाखवा म्हणून सांगितलं? 2025 च्या जुलैमध्ये चौफुल्याजवळच्या एका कला केंद्रात गोळीबार झाला तेव्हाही चर्चा झाली ती आरोपींच्या राजकीय नात्यांची. तिथं पोट भरणाऱ्या बायकांच्या सुरक्षेची फारशी झाली नाही.

चित्रपट म्हणजे जनगणना नव्हे, प्रत्येक कथेत प्रत्येक जातीची, धर्माची, व्यवसायाची माणसं मोजून घालता येणार नाहीत, असं यावर अनेक जाणकार म्हणतात. ते बरोबर आहे. हिशेब लावून घातलेली पात्रं निर्जीव होतात. पण इथं एका चित्रपटाकडे बोट नाही. पन्नास वर्षांच्या शेकडो चित्रपटांत एकच माणूस एकाच बाजूनं दिसत असेल, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. आणि कथेचा कोन बदलला तर ती कमकुवत होते असंही नाही. करमाळ्याच्या जेऊरचे नागराज मंजुळे ‘फँड्री’ घेऊन आले तेव्हा कैकाडी पोराच्या नजरेतून गाव दिसलं. 2016 च्या ‘सैराट’नं मराठी चित्रपटाच्या कमाईचे सगळे विक्रम मोडले. नंतर मराठा मोर्चांच्या काळात त्या चित्रपटाकडेही बोट दाखवलं गेलं, पण त्याचे खेळ बंद पडले नाहीत आणि तेच योग्य झालं. दौंड तालुक्यातच, चौफुल्याजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. 1896-97 च्या दुष्काळात उपाशी मुली आणि विधवांना त्यांनी इथं आणलं, शिकवलं, हाताला काम दिलं. 1922 मध्ये त्या इथंच वारल्या. संस्कृतची पंडिता, शूद्र पतीशी विवाह केलेली ब्राह्मण कन्या, पुढं ख्रिस्ती झालेली, आणि मिशनरी वरिष्ठांशीही भांडलेली ही बाई कुठल्याच गटाच्या चौकटीत बसत नाही. म्हणून तिच्यासाठी कुणी रस्त्यावर येत नाही आणि म्हणूनच तिच्यावर मोठा लोकप्रिय चित्रपटही झालेला नाही.

प्रेक्षक भोळा असतो, त्याला जपावं लागतं, हा समजही शिरूरनं खोटा ठरवला आहे. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिकेत संभाजी महाराजांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे 2019 मध्ये शिरूरमधून लोकसभेवर गेले. त्यात मालिकेचा वाटा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. जानेवारी 2022 मध्ये त्यांनी पूर्वी केलेला नथुराम गोडसेच्या भूमिकेचा चित्रपट समोर आला, स्वपक्षातूनही टीका झाली, कोल्हे आळंदीला जाऊन आत्मक्लेश करून आले. 2024 मध्ये याच मतदारांनी त्यांना आधीपेक्षा मोठ्या मताधिक्यानं निवडून दिलं. छत्रपतींच्या भूमिकेवर भाळलेला मतदार गोडसेच्या भूमिकेनं बिथरला नाही. नट आणि भूमिका यांतला फरक त्याला कळतो. पडद्यावर काय असावं हे त्याच्या वतीनं ठरवणाऱ्यांनी त्याच्या समजेवर एवढा तरी विश्वास ठेवावा.

‘छावा’नंतर उतेकरांनीच तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांच्या आयुष्यावर, श्रद्धा कपूरला घेऊन, चित्रपट हाती घेतला आहे. नारायणगाव शिरूर लोकसभा मतदारसंघातलंच. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, त्यांच्या नावानं राज्य सरकार दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देतं आणि 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा उपचारांच्या पैशांचीही ओढाताण होती. त्यांच्या वडिलांचा फड ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावानं ओळखला जायचा. ‘फुले’मधून जो शब्द काढायला लावला तो या घराण्यानं गावोगावच्या फलकांवर अभिमानानं लावला होता. सेन्सॉर बोर्डानं तो या चित्रपटात राहू द्यावा. निर्मात्यांनी चित्रपट पूर्ण करण्याआधी नारायणगावच्या फडमालकांसोबत आणि चौफुल्याच्या पार्टी मालकिणींसोबत बसावं, त्यांना मानधन द्यावं, त्यांची नावं श्रेयनामावलीत घालावीत. आणि शिरूर-दौंडच्या प्रेक्षकांनी हे झालं की नाही ते तिकीट काढण्याआधी विचारावं.