एकनळी बंदूक

एकनळी बंदूक ही बिजागरीवर वाकणारी, मागील बाजूने एकच काडतूस भरता येणारी आणि प्रत्येक बारानंतर हाताने पुन्हा भरावी लागणारी शिकारी बंदूक होय. तिची नळी आतून गुळगुळीत असते. त्यामुळे तिची गणना रायफलमध्ये होत नाही. भारतात परवान्यावर व विक्रीच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख 'एसबीबीएल' या आद्याक्षरांनी केला जातो. साधी रचना व अल्प किंमत यांमुळे अनेक देशांत ती शेतकऱ्याची बंदूक म्हणून रूढ झाली. भारतात मात्र तिची उपलब्धता किमतीपेक्षा कायद्यावर अधिक अवलंबून आहे. शिकारीस बंदी असल्याने तिचा कायदेशीर उपयोग मुख्यतः स्वसंरक्षण, पीकसंरक्षण व नेमबाजी यांपुरता उरला आहे. शेती आणि जंगल एकमेकांस भिडलेल्या नंदुरबार जिल्ह्यासारख्या प्रदेशात या मर्यादेचा संबंध थेट शेतकऱ्याच्या उपजीविकेशी येतो.

रचना व कार्य

नळी, यंत्रणेची पेटी आणि लाकडी दस्ता हे या बंदुकीचे तीन प्रमुख भाग आहेत. कळ दाबली असता नळी बिजागरीवर पुढे झुकते व तिचे मागील तोंड उघडे होते. त्यात काडतूस घालून नळी बंद केली की खटका बसतो. घोडा मागे ओढून चाप दाबल्यावर घोड्याच्या आघाताने काडतुसातील टोपी पेटते व बार उडतो. नळी पुन्हा वाकवली असता रिकामे काडतूस थोडे बाहेर सरकते आणि बोटांनी काढता येते.

भारतात १२ बोअर हे माप सर्वाधिक प्रचलित आहे. एक पौंड शिशापासून सारख्या आकाराचे १२ गोळे केल्यास त्यांपैकी एका गोळ्याचा जो व्यास, तोच नळीचा व्यास, असा या संज्ञेचा मूळ अर्थ आहे. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. काडतुसात बहुधा छर्रे असतात. अंतराबरोबर ते पसरत जात असल्याने साधारणतः ३५ ते ४० मीटरपलीकडे त्यांचा परिणाम झपाट्याने कमी होतो.

लोकप्रियतेची कारणे व मर्यादा

सुटे भाग मोजके असल्याने ही बंदूक क्वचितच बिघडते आणि तिची देखभाल सोपी असते. नळी वाकवताच ती भरलेली आहे की रिकामी हे डोळ्यांना दिसते. हा सुरक्षिततेच्या दृष्टीने तिचा मोठा गुण मानला जातो. वजन कमी असल्याने ती डोंगराळ भागात वाहून नेण्यास सोयीची असते.

तथापि याच गुणांतून तिच्या उणिवाही उद्भवतात. हलक्या बंदुकीचा धक्का खांद्याला अधिक जाणवतो. दुसरा बार तत्काळ काढता येत नसल्यामुळे जखमी रानडुकरासारखा प्राणी उलटल्यास बंदूकधारी संकटात सापडू शकतो. दुनळी बंदुकीत ही अडचण काही अंशी दूर होते. परंतु तिची किंमत व वजन दोन्ही जास्त असतात.

इतिहास

मागून भरण्याच्या बंदुका प्रचारात येण्यापूर्वी ठासणीच्या बंदुका वापरात होत्या. त्यांत दारू व छर्रे नळीच्या तोंडातून ठासून भरावे लागत. पॅरिस येथील बंदूककार काझिमीर लफोशो याने १८३० च्या दशकात वाकणाऱ्या नळीची काडतुसी बंदूक प्रचारात आणली. पुढे तळाच्या मध्यभागी टोपी असलेली काडतुसे आली आणि या रचनेस स्थैर्य लाभले. अमेरिकेतील हॅरिंग्टन अँड रिचर्डसन ही कंपनी व रशियातील इझेव्हस्क येथील कारखाना यांनी स्वस्त एकनळी बंदुका मोठ्या प्रमाणावर तयार केल्या.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. आजचा नंदुरबार जिल्हा त्या वेळी खानदेशाचाच भाग होता. सातपुड्यातील भिल्लांचे पारंपरिक शस्त्र धनुष्यबाण हे होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगण्यासाठी परवाना आवश्यक ठरला आणि सामान्य भारतीयांना बंदूक मिळणे कठीण झाले. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली.

उत्पादन व उपलब्धता

बिहारमधील मुंगेर आणि जम्मू येथील परवानाधारक खासगी कारखाने एकनळी व दुनळी बंदुका तयार करतात. १२ बोअरची 'शक्तिमान' काडतुसे पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्यात तयार होत आली आहेत. बंदूक व काडतुसे केवळ परवानाधारक विक्रेत्याकडून आणि परवान्यावर नमूद केलेल्या संख्येच्या मर्यादेतच घेता येतात.

परवान्याचे नियम

शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये गुळगुळीत नळीच्या बंदुकीला अन्य अग्निशस्त्रांहून वेगळे स्थान दिलेले आहे. किमान २० इंच लांबीची नळी असलेल्या अशा बंदुकीचा परवाना संरक्षण वा क्रीडा या कारणासाठी देता येतो. पीकसंरक्षणासाठी मात्र कायदा प्रथम ठासणीच्या बंदुकीचा विचार करतो. ती पुरेशी ठरणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा, म्हणजेच एकनळी काडतुसी बंदुकीचाही, परवाना देता येतो.

अर्जदाराचे वय सर्वसाधारणपणे किमान २१ वर्षे असावे लागते. पोलीस अहवाल मागवल्यानंतर निर्णय घेतला जातो आणि कलम १४ नुसार परवाना नाकारताही येतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली गेली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. निवडणुकीच्या काळात प्रशासनाच्या आदेशानुसार परवानाधारकांना शस्त्रे जमा करावी लागतात.

शिकारबंदी

बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आरंभी परवान्याने शिकार करण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. ही बंदी बंदुकीप्रमाणेच धनुष्यबाण, फासे व सापळे यांनाही लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले. परंतु त्यांतून शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला.

कलम ११ मध्ये या बंदीला मर्यादित अपवाद आहेत. अनुसूची १ मधील प्राणी मानवी जीवितास धोकादायक ठरल्यास केवळ मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. रानडुक्कर व नीलगाय यांसारख्या प्राण्यांबाबत उभ्या पिकाची हानी हेही परवानगीचे कारण ठरू शकते आणि ती प्राधिकृत अधिकारीही देऊ शकतात. स्वतःच्या वा इतरांच्या प्राणरक्षणासाठी सद्भावनेने प्राणी मारल्यास तो गुन्हा ठरत नाही. मात्र मारलेला प्राणी शासनाच्या मालकीचा होतो. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिसरात नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती आवश्यक असते.

नंदुरबार जिल्ह्यातील स्थिती

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरउतारांवर ज्वारी व मका ही पिके घेतली जातात, तर शहादा व तळोदा तालुक्यांच्या सपाटीवर ऊस, केळी व पपईचे क्षेत्र आहे. मका रानडुकरांना आकर्षित करतो आणि उंच, दाट उसात बिबट्याला आडोसा मिळतो. बिबट्या अनुसूची १ मध्ये असल्याने पीकसंरक्षणाच्या परवान्याचा त्याच्याविरुद्ध उपयोग करता येत नाही. अक्कलकुवा तालुक्याच्या सीमेजवळ गुजरातमधील शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. त्यामुळे सीमावर्ती गावांत वन्यजीव कायद्याचे महत्त्व वाढते.

परवानाधारक शेतकऱ्यालाही रानडुक्कर मारण्यासाठी स्वतंत्र लेखी परवानगी घ्यावी लागते. पीक रात्रीतून नष्ट होऊ शकते, तर अर्जाच्या निर्णयास वेळ लागतो. म्हणून माळ्यावरची राखण, गोफण, डबे वाजवणे व कुंपण हेच बहुसंख्य लहान शेतकऱ्यांचे उपाय राहतात. झालेल्या हानीबद्दल वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. विनापरवाना गावठी बंदूक बाळगणे किंवा कुंपणात वीजप्रवाह सोडणे बेकायदेशीर असून विजेच्या कुंपणामुळे माणसे व गुरेही दगावतात.