भरतीची धाव : पहिल्याच फेरीत दम घालवू नका

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण असतात. त्यातले 20 एकाच धावेचे : मुलींना 800 मीटर, मुलांना 1600 मीटर. मुलींनी 2 मिनिटे 50 सेकंदांत आणि मुलांनी 5 मिनिटे 10 सेकंदांत अंतर कापले, तर पूर्ण गुण.

शिट्टी होताच जीव खाऊन पळणारे पुढे मागे पडतात. सुरुवातीलाच वेग फार झाला की स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, पाय जड होतात. केनियाच्या डेव्हिड रुदिशाने 2012 साली लंडनला 800 मीटरचा विश्वविक्रम केला. त्याची पहिली फेरी 49.28 सेकंदांची, दुसरी 51.63. फरक अडीच सेकंदांचाही नाही.

आपलाही हिशोब तोच. 400 मीटरच्या मैदानावर मुलींनी पहिली फेरी 84, दुसरी 86 सेकंदांत करावी. मुलांनी चारही फेऱ्या 77 सेकंदांच्या आसपास ठेवाव्यात.

आठवड्यात तीन दिवस, बोलता येईल इतक्या संथ गतीने अर्धा तास धावा. एक दिवस भरतीच्या वेगाने 400 मीटरच्या चार फेऱ्या. प्रत्येकीनंतर तीन मिनिटे चाला. एक दिवस चढावर छोट्या धावा. रत्नागिरीत चढांना तोटा नाही. उरलेले दोन दिवस विश्रांती.

दमट हवेत घाम फार जातो. पहाटे पळा, पाणी आणि मीठ घातलेली पेज प्या. लवकर धाप लागणाऱ्या मुलींनी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर थांबा, डॉक्टरांना दाखवा.

आई-वडिलांनो, मैदानावर घड्याळ धरून उभे राहा आणि प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहा. वेग कुठे तुटतो, ते वही सांगेल.