गरोदरपणात ‘थोडीशी’ दारू चालते का? बाळावर नेमका काय परिणाम होतो?

‘थंडी आहे, चमचाभर ब्रँडीनं काय होतंय?’, ‘बिअरच तर आहे!’ गरोदर बाईला असे सल्ले धरणगावच्या एखाद्या गल्लीत मिळू शकतात, तसेच पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही. पण जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: गरोदरपणात दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. बिअर, वाइन, देशी, हातभट्टी किंवा मोहाची, सगळ्यांत अल्कोहोल तेच असतं.

दारू बाळापर्यंत कशी पोहोचते?

आईच्या रक्तातलं अल्कोहोल वार म्हणजे प्लासेंटा ओलांडून थेट बाळाच्या रक्तात जातं. मोठ्या माणसाचं यकृत ते हळूहळू मोडून काढतं. बाळाचं यकृत अजून तयार होत असतं, त्यामुळे त्याला ते जमत नाही.

धोके कोणते?

गर्भपात, पोटातच बाळ दगावणं, वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ, हे सगळे धोके वाढतात. मेंदूवरचा परिणाम तर आयुष्यभर राहू शकतो. या त्रासांना एकत्रितपणे ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ म्हणतात. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्यातल्या सर्वांत गंभीर प्रकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिलं.

काही मुलांचा वरचा ओठ पातळ आणि डोळे लहान असतात. पण बहुतेकांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. मूल शाळेत जायला लागलं की लक्ष न लागणं, गणित न जमणं, शिकवलेलं विसरणं असे त्रास दिसतात आणि त्याच्यावर ‘ढ’ किंवा ‘मस्तीखोर’ असा शिक्का बसतो. हा आजार पूर्ण बरा होत नाही. मात्र लवकर ओळखला, तर मुलाला मदत मिळू शकते. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला अशा अडचणी जरूर सांगा.

दिवस गेल्याचं कळण्याआधी प्यायली असेल तर?

घाबरू नका, पण लपवूही नका. डॉक्टरांना सांगा आणि आजपासून थांबा. मेंदूची वाढ नऊही महिने सुरू असते, म्हणून कधीही थांबलं तरी फायदाच होतो. रोज पिण्याची सवय असेल, तर मात्र अचानक बंद केल्यानं झटके येऊ शकतात. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा.

आयुर्वेदिक आसव-अरिष्टांमध्येही अल्कोहोल असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीही घेऊ नका.

ही जबाबदारी फक्त बाईची का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशात सुमारे १९ टक्के पुरुष दारू पितात. महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. नवराच रोज घरात बाटली उघडत असेल, तर पिणाऱ्या बाईला सोडणं आणखी कठीण जातं. म्हणून हे नऊ महिने त्यानंही थांबावं.

मदत कुठे मिळेल?

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. तारीख आशाताईंना विचारून पक्की करा. व्यसन सोडण्यासाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत फोन करता येतो.