भाषेची रोजनिशी : उद्दिष्ट अडखळण्यातून यावे

परकी भाषा स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याजवळ पाठ्यपुस्तक, शब्दकोश आणि मोबाइलवरील अ‍ॅप ही साधने आज सहज असतात. मात्र पुढे काय शिकायचे आणि मागचे कितपत आले हे ठरवण्याचे जे काम वर्गात शिक्षक करतो, ते करणारे त्याच्याजवळ कोणी नसते. फ्रान्समधील नान्सी येथील भाषाशिक्षणतज्ज्ञ आंरी ओलेक यांनी १९७९ साली युरोप परिषदेसाठी लिहिलेल्या अहवालात स्वतःच्या अध्ययनाची सूत्रे हाती घेण्याच्या क्षमतेला ‘स्वायत्तता’ म्हटले, उद्दिष्टे ठरवण्यापासून मूल्यमापनापर्यंतची सारी जबाबदारी तिच्यात धरली आणि ही क्षमता उपजत नसून कमवावी लागते, असे बजावले. ती कमावण्याचे स्वस्त आणि तरीही दुर्लक्षित साधन म्हणजे रोजनिशी.

रोजनिशी ठेवणारे पुष्कळ असतात, परंतु बहुतेकांच्या वहीत ‘आज एक तास अभ्यास, पंधरा नवे शब्द’ अशा हजेरीवजा नोंदी आणि पहिल्या पानावर ‘वर्षभरात जर्मन आलीच पाहिजे’ असा संकल्प यांपलीकडे फारसे काही आढळत नाही. हजेरीने सातत्य कळते, भाषा किती आली हे कळत नाही. आणि जो संकल्प पुरा झाला की नाही हे तपासताच येत नाही, त्याला उद्दिष्ट म्हणणे कठीण आहे. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक सामाईक संदर्भ-आराखड्यात ए१ पासून सी२ पर्यंतच्या सहा पातळ्या ‘काय करता येते’ या भाषेत मांडल्या आहेत. स्वतःची ओळख करून देता येणे, प्रवासातील नेहमीचे प्रसंग निभावता येणे अशी ही विधाने असल्याने वहीत उद्दिष्ट लिहिताना तो साचा फार उपयोगी पडतो.

तरीही आराखड्यातून उतरवून घेतलेले उद्दिष्ट सर्वांसाठीचे असते. विद्यार्थ्याचे स्वतःचे उद्दिष्ट त्याच्या अडखळण्यातूनच यावे लागते. याचा उत्तम दाखला अमेरिकी भाषावैज्ञानिक रिचर्ड श्मिट यांच्या रोजनिशीत मिळतो. ब्राझीलमधील सुमारे पाच महिन्यांच्या मुक्कामात पोर्तुगीज शिकताना त्यांनी आपल्या अनुभवांची रोजनिशी ठेवली, अधूनमधून संभाषणे ध्वनिमुद्रित केली आणि पोर्तुगीज मातृभाषा असलेल्या सिल्व्हिया फ्रोटा यांच्यासह दोन्हींची तुलना करून १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्गात शिकवलेली किंवा कानांवर वारंवार पडलेली रूपे तेवढ्यानेच त्यांच्या बोलण्यात उतरली नव्हती. जी रूपे इतरांच्या बोलण्यात आपल्या लक्षात आल्याची नोंद रोजनिशीत होती, तीच प्रामुख्याने त्यांच्या तोंडी आली होती. आपण बोलतो ते आणि समोरचा बोलतो ते यांतील तफावत जाणवणे शिकण्यासाठी आवश्यक आहे, हा त्यांचा पुढे प्रसिद्ध झालेला विचार या वहीच्या पानांशी जोडलेला आहे. एकाच, तेही भाषाशास्त्र जाणणाऱ्या व्यक्तीचा हा अनुभव असल्याने त्यावरून सरसकट नियम काढता येणार नाही. पण रोजनिशीत नेमके काय टिपावे, याचे उत्तर त्यातून निश्चित मिळते.

जर्मन शिकणाऱ्या मराठी माणसाचेच उदाहरण घेतले तर, दोन्ही भाषांत तीन लिंगे असल्याने प्रारंभी सोपे वाटते, परंतु मराठीत चमचा आणि काटा पुल्लिंगी, सुरी स्त्रीलिंगी, तर जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, अशी गल्लत पदोपदी होते. अशा वेळी ‘व्याकरण सुधारायचे’ असे लिहिण्याऐवजी झालेली चूक बरोबर रूपासह जशीच्या तशी टिपावी आणि त्याखाली ‘येत्या रविवारपर्यंत स्वयंपाकघरातील वीस वस्तूंविषयी योग्य उपपद, म्हणजे नामाचे लिंग दाखवणारा आधीचा शब्द, लावून न पाहता बोलता येईल’ असे उद्दिष्ट लिहावे. रविवारी ते बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकले की निकाल आपोआप समोर येतो. केवळ परीक्षेवर बेतलेली उद्दिष्टे येथे अपुरी पडतात, कारण जपानीच्या एन५ ते एन१ या प्रचलित परीक्षेत, उदाहरणार्थ, बोलण्याची चाचणीच नसते आणि त्यामुळे तिच्या अभ्यासक्रमावरून भरलेल्या वहीतून बोलणे वगळले जाण्याचा धोका राहतो.

रोजनिशी कोणत्या भाषेत लिहावी, हा प्रश्न अनेकांना अडवतो. प्रारंभी ती मराठीतच लिहावी, कारण चुकीचे कारण शोधताना विचार स्पष्ट असावा लागतो. पुढे नव्या भाषेतील एखादे वाक्य, मग परिच्छेद येऊ द्यावा. महिन्याअखेर मागची पाने वाचणे मात्र टाळू नये, कारण तीच चूक तीनदा आढळली तर पुढच्या महिन्याचे उद्दिष्ट तेथेच लिहिलेले असते. अभ्यासाची ही वही आजच सुरू करायची असेल, तर आज नव्या भाषेत जे म्हणायचे होते आणि म्हणता आले नाही, ते एक वाक्य तारखेसह मराठीत लिहून ठेवावे.